खाट नंबर ११

आपल्या होस्टेलला नावं ठेवणं हा इथला सगळ्यांत जुना आणि बिनखर्चाचा खेळ आहे. मेसची डाळ म्हणजे हळदीचं पाणी, पंखा म्हणजे फक्त आवाजासाठी लावलेलं यंत्र, आणि ‘हा कूलर आहे की गिझर?’ हा विनोद तर प्रत्येक बॅच पुढच्या बॅचला वारसाहक्काने देऊन जाते. मीही हा खेळ मनापासून खेळलो आहे आणि पुढेही खेळणार आहे. पण दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेनंतर इंटर्नशिपसाठी सहा आठवडे मुंबईत राहायचा योग आला. ३ जून ते १३ जुलै २०२४. तिथे ज्या जागेत राहिलो त्या जागेविषयी लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. पुढच्या उन्हाळ्यात तुमच्यापैकी कितीतरी जण पुण्या-मुंबईला जाणार, त्यांना उपयोग होईल हा एक उद्देश. दुसरा उद्देश शेवटी सांगतो.

बारा हजारांचा हिशोब

इंटर्नशिप मिळाली म्हटल्यावर घरी आनंदीआनंद झाला. आईने पहिला प्रश्न विचारला, ‘पगार किती?’ म्हटलं, ‘पगार नाही, सर्टिफिकेट मिळतं.’ त्यावर ती शांतपणे म्हणाली, ‘मग जायचं कामून?’ या प्रश्नाचं उत्तर मला अजूनही नीट देता येत नाही.

आमची बदनापूर तालुक्यात मोसंबी आहे. २०२३ साली पावसाने दगा दिला आणि शासनाने जे दुष्काळी तालुके जाहीर केले त्यात बदनापूरही होतं. २०२४ च्या उन्हाळ्यात वडिलांनी टँकरचं पाणी विकत घेऊन झाडं जगवली. त्या टँकरच्या पैशांतून बारा हजार बाजूला काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवले. ते काही बोलले नाहीत, पण एका टँकरला किती पडतात हे मला पाठ होतं. त्यामुळे मुंबईत खर्च केलेली प्रत्येक नोट मला लिटरमध्ये दिसायची.

आता बारा हजारांत सहा आठवडे मुंबईत राहायचं कुठे? हॉटेलचा विचार सोडाच. मुंबई सेंट्रल स्टेशनवर नोव्हेंबर २०२१ मध्ये ४८ कप्प्यांचं ‘पॉड हॉटेल’ सुरू झालं. जपानमध्ये ओसाका शहरात १९७९ साली किशो कुरोकावा या आर्किटेक्टने असं पहिलं कॅप्सूल हॉटेल उभारलं, त्याचा हा भारतीय अवतार. सुरू झालं तेव्हा त्याचे बारा तासांचे ९९९ रुपये होते. त्या दराने माझे बारा हजार बरोबर सहा दिवसांत संपले असते, आणि इंटर्नशिप होती सहा आठवड्यांची! पेइंग गेस्टवाल्यांना डिपॉझिट पाहिजे आणि अकरा महिन्यांचा करार पाहिजे. नातेवाइकांकडे राहावं तर ते स्वतःच दहा बाय बारामध्ये पाच जण.

शेवटी एका सीनियरने दादर पूर्वेची एक डॉर्मिटरी सांगितली. खाटेचे महिन्याला पाच हजार. सहा आठवड्यांचे साडेसात हजार झाले. उरले साडेचार. त्यातून लोकलचे पास काढले तर रोजच्या खाण्यापिण्याला शंभराच्या आत. गणित जमलं. कागदावर सगळीच गणितं जमतात म्हणा.

बावीस खाटा, सत्तावीस माणसं

देवगिरी एक्सप्रेसने रात्री जालन्याहून निघालो आणि सकाळी दादरला उतरलो. डॉर्मिटरी म्हणजे एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला. लाकडी जिना, त्याला धरायला दोरी. वर एक लांबलचक हॉल आणि त्यात लोखंडी दुमजली खाटा, अकरा जोड्या. विषम नंबर खालचे, सम नंबर वरचे. मला मिळाली खाट नंबर ११. खाली एक पत्र्याची पेटी, तिला आपलं कुलूप आपण लावायचं. दोन न्हाणीघरं, तीन संडास, पाच पंखे, चार प्लग पॉइंट आणि भिंतीवर अनेक सूचना. ‘रॉड लावल्यास दंड ५०० रु.’ ही सगळ्यांत मोठ्या अक्षरात.

ही सूचना कशासाठी ते तिसऱ्या दिवशी कळलं. कोणीतरी पहाटे बादलीत हीटरचा रॉड टाकला. रॉड १५०० वॉटचा, एमसीबी ६ अँपिअरचा. २३० व्होल्टला ६ अँपिअर म्हणजे जेमतेम १३८० वॉट, वर पाच पंखे चालूच. थोड्याच वेळात सगळा हॉल अंधारात आणि पंखे बंद. जून महिन्यात मुंबईत पंखा बंद पडल्यावर सत्तावीस माणसांच्या तोंडून जे शब्द बाहेर पडतात ते या मासिकात छापता येणार नाहीत.

सत्तावीस हा आकडा वाचून तुम्ही थांबला असाल. खाटा बावीस आणि माणसं सत्तावीस? हो. पाच खाटांना दोन-दोन मालक होते. उदाहरणार्थ खाट नंबर ९. रात्री तिच्यावर औषधाच्या दुकानात काम करणारा एक मुलगा झोपायचा. सकाळी आठला तो उठून जायचा. नऊ वाजता रात्रपाळीचा एक सिक्युरिटी गार्ड यायचा, आपली चादर पसरायचा आणि संध्याकाळी पाचपर्यंत झोपायचा. दोघांनी मिळून एक खाट घेतली होती, भाडं अर्धं-अर्धं. चादरी वेगळ्या, खाट एक. रविवारी मुलाला सुट्टी असायची, पण गार्ड येण्याआधीच तो आवरून बाहेर पडायचा. एका खाटेवर झोपणारी ही दोन माणसं कितीतरी महिने एकमेकांशी धड बोललेलीसुद्धा नव्हती.

मला हे फार नवीन वाटलं, पण डॉर्मिटरीचे मॅनेजर (त्यांना सगळे अण्णा म्हणायचे) हसले. म्हणाले, ‘अरे, सगळं गिरणगाव असंच झोपायचं.’ त्यांचं खरं होतं. परळ, लालबाग, नायगाव या भागात गिरण्या जोरात होत्या तेव्हा कोकणातून, घाटावरून आलेले कामगार एकेका खोलीत वीस-पंचवीस जण राहायचे. एक पाळी कामावर, एक पाळी झोपलेली. वळकटी गुंडाळली की खोली दुसऱ्याची. जेवण खानावळीत. या खानावळी बहुतेक बायका चालवायच्या आणि त्यांना सावकारापासून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर हळूहळू गिरण्या गेल्या, भोंगे गेले. त्यांच्या जागी टॉवर आले. वळकटीवाला मात्र अजून आहे, फक्त त्याच्या हातात आता मोबाइलचा चार्जर असतो.

बादलीची रांग

सकाळचा तास हा आमच्या हॉलचा युद्धाचा तास. साडेसहा ते साडेसात या वेळात आंघोळीला येणारे साधारण अठरा जण. न्हाणीघरं दोन. माणशी आठ मिनिटं धरली तर तासाला फार तर पंधरा जण सुटतात. म्हणजे रांग लागणारच. दर चार मिनिटांना एक माणूस बाहेर येतो, आणि तुमच्या पुढे सहा बादल्या असतील तर चोवीस मिनिटं थांबा. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांगने १९०९ साली फोनच्या कॉल्सचं गणित मांडलं आणि त्यातून रांगांचं अख्खं शास्त्र तयार झालं, हे पुस्तकात वाचता येतं. ते समजतं मात्र हातात बादली घेऊन उभं राहिल्यावरच.

रांगेत माणसं उभी नसायची, बादल्या असायच्या. बादली ठेवली की नंबर लागला. कोणाची बादली कोणी मागे सरकवली तर दंगल. पण माझ्या सहा आठवड्यांत ती फक्त एकदाच झाली. लेखी नियम नव्हता, सही-शिक्का नव्हता, तरी तो पाळला जायचा. ज्यांना उशिरा निघायचं ते आपण होऊन आठनंतर यायचे. एसी बसवणारे दोघं रात्रीच आंघोळ उरकायचे.

या रांगेत माझी पत वाढली ती एका कारणाने. मला चार मिनिटं पुरायची आणि अर्धी बादली. अण्णांनी एकदा विचारलं, ‘आत जाऊन नुसतं ओलं होऊन येतोस का काय?’ म्हटलं, ‘अण्णा, जालन्याचा आहे. आमच्याकडे नळ हा पाहुण्यासारखा येतो, कित्येक दिवसांनी.’ तेव्हापासून घाईत असलेला माणूस माझ्या मागे बादली ठेवायला बघायचा.

नंबराला आडनाव नसतं

त्या हॉलमध्ये कोणी कोणाला नावाने हाक मारत नसे. ‘ए चार नंबर, फोन वाजतोय.’ ‘सतरा नंबर आला का?’ असं चालायचं. पहिले दोन दिवस मला हे अपमानाचं वाटलं. आपण काय कैदी आहोत का? पुढे लक्षात आलं की यात एक सोय आहे. आपल्याकडे ओळख करून देताना गाव विचारतात, मग आडनाव विचारतात, आणि आडनाव कळलं की समोरच्याच्या डोक्यात पुढचा सगळा हिशोब आपोआप होतो. खाट नंबराला आडनाव नसतं. चार नंबर बिहारमधल्या दरभंग्याचा. सतरा नंबर संगमेश्वरचा, गॅरेजमध्ये कामाला. तेरा नंबर भोकरदनचे काका. यांची आडनावं मला पहिले तीन आठवडे माहीत नव्हती आणि त्यावाचून काही अडलं नाही.

ही गोष्ट वाटते तेवढी साधी नाही. आपल्याकडे मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय हीच मोठी लढाई होती. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम आणि अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या मुलांसाठीही तिथे वसतिगृहं झाली. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या जानेवारीत सोलापुरात वसतिगृह काढलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं ते सगळ्या जातींच्या मुलांना एकाच छपराखाली, एकाच पंगतीत घेऊन. पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, मंगळसूत्रसुद्धा गेलं. गाडगे महाराजांनी पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. या सगळ्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. शाळा कितीही चांगली असो, रात्री पाठ टेकायला जागा नसेल तर गावचं पोरगं शिकत नाही.

आमच्या डॉर्मिटरीपासून चालत जाण्याच्या अंतरावर दादर पूर्वेलाच संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. परळच्या टाटा रुग्णालयात येणारे कॅन्सरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथे नाममात्र पैशांत राहतात. भोकरदनच्या काकांचा तिथे नंबर लागायचा होता, तोपर्यंत ते आमच्यात, खाट नंबर १३ वर.

काका मिरचीवाले शेतकरी. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात मिरची विकणारे. थोरल्या भावाला रक्ताचा कॅन्सर निघाला म्हणून त्यांना घेऊन आलेले. भाऊ वॉर्डात, काका दिवसभर दवाखान्याच्या पायऱ्यांवर आणि रात्री आमच्याकडे. पहिल्या रात्री त्यांनी मला विचारलं, ‘कुठलं गाव म्हणायचं?’ बदनापूर म्हटल्यावर त्यांचे डोळेच बदलले. चारशेहून जास्त किलोमीटरवर बदनापूर आणि भोकरदन म्हणजे शेजारचं घर! त्यांच्या पिशवीत ठेचा होता. त्या दिवसापासून माझ्या वडापावाला भोकरदनचा ठेचा लागला. ते रोज विचारायचे, ‘काहून रे, जेवला का?’ मी हो म्हणायचो. ते काही पटल्यासारखं दाखवायचे नाहीत.

८ जुलै

७ जुलैच्या मध्यरात्रीनंतर जो पाऊस सुरू झाला तो मी जन्मात पाहिला नव्हता. मराठवाड्याच्या माणसाने पावसाला नावं ठेवू नयेत, पण हा पाऊस म्हणजे कोणीतरी वरून टाकीच उपडी केली होती. रात्री एक ते सकाळी सातच्या दरम्यान शहरात काही ठिकाणी तीनशे मिलीमीटरच्या वर पडला. आपल्याकडे एवढा पडायला कितीतरी आठवडे लागतात. लोकल कोलमडल्या, शाळांना सुट्टी जाहीर झाली. सोमवार होता, पण हॉलमधून कोणालाच बाहेर पडता येईना. औषधाच्या दुकानातला मुलगा उठला नाही आणि रात्रपाळीचा गार्ड भिजत-भिजत कसाबसा पोचला. खाट नंबर ९ चे दोन्ही मालक पहिल्यांदाच समोरासमोर. एक म्हणे, ‘तुम्ही झोपा काका, रात्रभर जागलात.’ दुसरा म्हणे, ‘नको, तुझा वेळ आहे.’ शेवटी दोघं खाटेच्या दोन टोकांना पाय दुमडून बसले आणि गप्पा मारायला लागले.

अण्णांनी त्या दिवशी नियम मोडून आपल्या गॅसवर खिचडी टाकली. तेवढ्यात काकांचा फोन वाजला. दवाखान्यातून होता. भावाच्या प्लेटलेट्स खूप खाली आल्या होत्या, डोनर लागणार होते. आधी ठरलेले दोन डोनर कल्याणकडून येणार होते, ते गाड्या बंद म्हणून अडकले. काका इन्सुलिनवर असल्यामुळे त्यांना स्वतःला देता येत नव्हतं. फोन ठेवून ते खाटेवर बसून राहिले. कोणाला काही मागितलं नाही. मुंबईत आल्यापासून त्यांनी कोणाला काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं.

पहिला चार नंबर उठला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडत म्हणाला, ‘चाचा, चलिए. यहाँ बैठे-बैठे क्या करेंगे?’ मग सतरा नंबर, मग मी, आणि तो न झोपलेला गार्डसुद्धा. आम्ही पाच जण परळकडे चालत निघालो. कुठे घोटाभर, कुठे गुडघाभर पाणी. दुभाजक धरून चालायचं, कारण उघडं मॅनहोल कुठे असेल सांगता येत नाही. एरवी पंचवीस-तीस मिनिटांचा रस्ता, आम्हाला सव्वा तास लागला.

तिथे एकेकाची तपासणी झाली. सतरा नंबर बाद. त्याने चार महिन्यांपूर्वी दंडावर नाव गोंदवून घेतलं होतं आणि टॅटूनंतर वर्षभर रक्त घेत नाहीत. (कोणाचं नाव, हे त्याने आम्हाला परतीच्या वाटेवरही सांगितलं नाही.) गार्ड बाद, रात्रभर जागरण. मी बाद. हिमोग्लोबिन कमीत कमी १२.५ लागतं, माझं ११.८ भरलं. तपासणाऱ्या मॅडमनी विचारलं, ‘जेवता काय?’ मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘तुझ्या वयाला हे बरं नाही.’ शंभर रुपये रोजाच्या गणितात मी भाडं धरलं होतं, पास धरला होता, साबण धरला होता. रक्ताचा कॉलम त्यात नव्हता. स्वस्तात राहण्याचे पैसे कुठून वसूल होतात ते त्या कागदावर लिहून आलं.

राहिला चार नंबर. वजन पन्नासच्या वर, हिमोग्लोबिन चौदा, प्लेटलेट्स अडीच लाखांच्या आसपास, रक्तगटही जुळला. त्याला मशिनला जोडलं. आपण सेंट्रिफ्यूज पुस्तकात शिकतो, ते मी तिथे काम करताना पाहिलं. एका हातातून रक्त निघतं, मशिन ते गरगर फिरवून घनतेप्रमाणे वेगळं करतं, प्लेटलेट्स पिशवीत जमतात आणि बाकीचं रक्त परत शरीरात जातं. तास-सव्वा तास लागतो. काका काचेपलीकडे उभे होते. मिरचीच्या सौद्यात आवाज चढवणारा माणूस, पण त्या तासाभरात त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही. चार नंबर बाहेर आला तेव्हा त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि एवढंच विचारलं, ‘बाबा, तुझं नाव काय?’

तेव्हा मला पहिल्यांदा त्याचं नाव कळलं. ते मी इथे लिहीत नाही, कारण त्याला विचारलेलं नाही.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

आता कामाचं. असल्या जागेत राहायला जाणार असाल तर:

पैसे भरण्याआधी एकदा सकाळी सात वाजता जाऊन जागा बघा. दुपारी बघितलेली डॉर्मिटरी आणि सकाळची डॉर्मिटरी या दोन वेगळ्या संस्था आहेत. किती खाटा विचारू नका, किती माणसं ते विचारा.

गादीच्या शिवणी उलटून बघा. काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत. अशा जागेत बॅग जमिनीवर ठेवू नका, आणि घरी आल्यावर कपडे कडक गरम पाण्यात टाका, नाहीतर मुंबईचे पाहुणे आपल्या होस्टेलला येतील.

डिपॉझिट दिलं तर पावती घ्या, कच्ची का होईना. कुलूप आपलं न्या. आधार कार्डाची झेरॉक्स देताना तिच्यावर तारीख आणि कारण लिहून द्या.

आणि जेवणाचे पैसे आधी बाजूला काढा, भाडं मागून. शेंगदाणे, गूळ, फुटाणे, अंडी, केळी हे वडापावापेक्षा फार महाग पडत नाही. ज्यांना शासनाची योजना लागू आहे त्यांनी ती सोडू नये. अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात प्रवेश मिळत नाही त्यांच्यासाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. इतर प्रवर्गांसाठीही निर्वाह भत्त्याच्या योजना आहेत. स्टुडंट सेक्शनच्या खिडकीवर विचारा, तिथले सर माहिती देतात. विचारणारेच कमी.

आपलं जालना, त्यांची मुंबई

इंटर्नशिप संपली. सर्टिफिकेट मिळालं, ते फाइलमध्ये आहे. काकांना धर्मशाळेत जागा मिळाली, त्यांचे थोरले बंधू दिवाळीला घरी होते. डिसेंबरमध्ये आपल्या मेसला एक पोतं हिरवी मिरची आली आणि दोन दिवस सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ती कुठून आली हे आता तुम्हाला कळलं असेल.

पण ज्या दुसऱ्या उद्देशाविषयी सुरुवातीला म्हटलं तो वेगळाच आहे.

यंदा फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी आम्ही तिघं एमआयडीसीतल्या एका री-रोलिंग मिलमध्ये जात होतो. जालन्याचं स्टील आपण सगळे अभिमानाने सांगतो. भंगार येतं, इंडक्शन फर्नेसमध्ये वितळतं, त्याचे बिलेट होतात आणि लाल बिलेट रोलमधून निघून सळई होते. त्या लाल सळईला चिमट्याने वळवणारा माणूस बहुतेक वेळा बिहारचा किंवा उत्तर प्रदेशचा असतो. एकदा पाळी सुटताना पाऊस लागला म्हणून त्यांच्यातल्या एकाने आम्हाला आपल्या खोलीवर नेलं. पत्र्याची खोली, आठ जण, चार खाटा. चार जण झोपलेले, चार कामावरून आलेले. दोरीवर आठ टॉवेल, एका प्लगला तीन चार्जर आणि दाराबाहेर रांगेत बादल्या. मला काही विचारावंच लागलं नाही. ही जागा मला ओळखीची होती.

तो समस्तीपूरचा. दरभंग्याच्या शेजारचा जिल्हा. मी विचारलं, ‘यहाँ कैसा लगता है?’ म्हणाला, ‘पंखा ठीक है. पानी का ही थोड़ा है.’ मग त्याने मला विचारलं, ‘आप यहीं के हैं? लोकल?’

लोकल! १९७२ च्या दुष्काळात जालना परिसरातून किती घरं मुंबईला गेली, ती तिथल्या झोपडपट्ट्यांत जाऊन ‘बाहेरची’ झाली. तेव्हा जालना जिल्हासुद्धा नव्हता, तो १ मे १९८१ ला झाला. आज त्याच जालन्यात आपण लोकल, आणि कोणीतरी हजारभर किलोमीटरवरून येऊन खाट नंबरावर राहतो. ‘जालना, सोने का पालना’ असं म्हणायची इथे जुनी पद्धत आहे. पाळणा एकाच्या मालकीचा असला तरी त्यात पाळीपाळीने झोपणारे बरेच असतात, हे मला मुंबईने शिकवलं.

तर दुसरा उद्देश असा. आपल्या एनएसएस युनिटने मेसच्या दरवाज्याला आतल्या बाजूने एक तक्ता लावला आहे. नाव, रक्तगट, फोन, शेवटचं रक्तदान कधी. प्लेटलेट्स पाच दिवसांच्या वर टिकत नाहीत, त्यामुळे त्यांचा साठा करून ठेवता येत नाही, माणसांचीच यादी तयार ठेवावी लागते. आतापर्यंत ४१ नावं झाली आहेत. त्यात आपले वॉचमन काका आहेत, मेसमधले तिघं जण आहेत, आणि त्या पत्र्याच्या खोलीतले सहा जण आहेत. दोन प्राध्यापकांनीही नाव घातलं आहे. तक्त्यात आडनावाचा कॉलम ठेवलेला नाही.

माझं नाव तिसऱ्या ओळीत आहे. गेल्या महिन्यात तपासलं, हिमोग्लोबिन १३.४. त्यामुळे मेसच्या डाळीला यापुढे हळदीचं पाणी म्हणायचं असेल तर जरा हळू आवाजात म्हणा, आणि म्हणून झाल्यावर दोन वाट्या प्या. पेन तक्त्याला दोऱ्याने बांधलेलं आहे.